निंबाच्या फळ्यांचं वाळवण

आमच्या वावरातला निंब २०२२ च्या मे महिन्यात पडला. दुपारी चारनंतर पश्चिमेला काळंनिळं झालं, धुळीचा लोट आला, पंधरा मिनिटं वारा असा सुटला की गोठ्यावरचे दोन पत्रे शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडले. सगळं शांत झाल्यावर आमचे हे विहिरीकडे गेले तर निंब मुळासकट आडवा. त्याच्याखाली तीन पिढ्यांनी भाकरी खाल्ली म्हणून जिजींनी त्याच्यापुढे नारळ फोडला. (जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. अर्धं गाव त्यांना जिजीच म्हणतं.) दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत वीटभट्टीवाला हजर. असल्या बातम्या या लोकांना कोण पोचवतं देव जाणे.

त्यानं ७ हजार सांगितले आणि घरात सगळे तयार होते. मीच मध्ये पडले. विहिरीजवळ एक खोली बांधायची हे आमच्यात तीन वर्षं चाललं होतं: १० बाय १४ फूट, विटांच्या भिंती, वर पत्रा, आत फळ्यांचा माळा, पुढे पडवी आणि पडवीत बंगई, म्हणजे लाकडी झोपाळा. वखारीत नवापूरकडच्या सागाचा घनफुटाचा भाव ऐकून हे म्हणाले होते, "बंगई राहू दे, आपण खाटेवर बसू." आता एवढं लाकूड स्वतःहून दारात येऊन पडलंय आणि ते भट्टीत घालायचं? माझ्या जिवाला ते पटेना. (निंब होता म्हणून सोपं गेलं. साग, आंबा, चिंच, जांभूळ, अंजन अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानं परवानगी लागते. तुमचं झाड कुठलंही असो, आधी तलाठ्याला विचारा, मग करवत लावा.)

मी अमळनेर तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, रसायनशास्त्राची. सुतारकामाशी माझा संबंध म्हणजे लहानपणी मामांच्या रंध्यातून निघणाऱ्या छिलक्यांच्या बांगड्या करायचे, इतकाच. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं चुका करून शिकलेलं आहे.

गावातल्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी सुतळीनं बुंध्याचा घेर मोजला, ७२ इंच. सरळ, बिनफांदीचा भाग ९ फूट. घेराचा चौथा हिस्सा १८, त्याचा वर्ग ३२४, भागिले १४४, गुणिले ९. सव्वावीस घनफूट, त्यांनी तोंडी सांगितलं. मी घरी येऊन वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रानं मांडून पाहिलं तर २५.८ आले. दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेनं त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "वरचं साडेपाच सालीचं न भुशाचं, ताई. आरा काय हवा कापतो?" गोल लाकडातून चौकोनी माल काढताना जे वाया जायचं ते त्या चौथ्या हिश्श्याच्या हिशेबात आधीच वजा झालेलं असतं. वही मिटली.

बुंधा न्यायला मोठी ट्रॉली आणि जेसीबी लागणार होता, म्हणून आधी जाड फांद्या आरागिरणीवर नेल्या आणि त्यांच्या इंची फळ्या पाडून आणल्या. चौदा फळ्या. नुसता वासच किती छान, कडवट आणि गार. मे महिन्याचा तिसरा आठवडा, घराघरावर वाळवणं चाललेली. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जिजींच्या ज्वारीच्या बिबड्या (पापडासारख्या) घातल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या धाब्यावर मी फळ्या पसरल्या, एकेक सुटी, भरउन्हात. वाळवायचंच आहे ना, मग याच्याहून चांगली जागा कुठली? जिजी वर आल्या, बघितलं, म्हणाल्या, "लाकूडले बी वाळवन घाली दिधं का वं?"

आठव्या दिवशी चौदापैकी अकरा फळ्या कामातून गेल्या होत्या. टोकांकडून आत हातभर चिरा. मधोमध पन्हळ. दोन फळ्यांना असा पीळ पडला की एक कोपरा जमिनीला टेकवला की समोरचा दोन इंच वर. मी त्या पन्हळीत हात घालून उभी होते आणि शेजारी जिजी बिबड्या उलटत होत्या. बिबडी वरून सुकली आणि खालून ओली असली की तिच्या कडा वर येतात, द्रोण होतो. म्हणून ती पुरती कडक व्हायच्या आत उलटायची. बाई चाळीस-पन्नास वर्षं हे करतायत आणि मी बी.एस्सी. झालेली, शेजारी उभी राहून फळीला द्रोण का आला याचा विचार करतेय.

मग वाचायला लागले. लाकडातलं पाणी दोन प्रकारचं असतं. माठाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. एक पाणी माठात भरलेलं, दुसरं माठाच्या भिंतीत मुरलेलं. लाकूड म्हणजे असे कोट्यवधी लांबट बारीक माठ. आधी पोकळीतलं पाणी निघून जातं, तेव्हा वजन उतरतं पण माप बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि त्यानंतर भिंती सुकायला लागतात. आकसणं सुरू होतं ते तिथून. हे आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. वर्षांच्या वलयांच्या दिशेनं लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. म्हणून फळीतली वलयं जणू सरळ व्हायला बघतात आणि फळी सालीच्या बाजूला पन्हळते. त्यात टोकाकडून पाणी अंगापेक्षा कितीतरी पट वेगानं जातं, कारण तिथं माठांची तोंडंच उघडी पडलेली असतात. टोक सुकून आकसायला निघतं, मागचं लाकूड अजून ओलं, फुगलेलं. ते हलू देत नाही. मग टोक फाटतं.

फळ्या पाडताना झाडाच्या अगदी मधला तो बोटभर मऊ गाभा ज्या फळीत आला, तिला तर चीर जाणारच. मिस्तरींनी हे आरागिरणीवर आधीच सांगितलं होतं म्हणे. मी त्या वेळी पावती फाडून घेत होते.

इंटरनेटवर जे काही पाहिलं ते बहुतेक थंड देशांतलं. वारा खेळू द्या, उन्हं लागू द्या, इंचाला एक वर्ष धरा. तिकडे लाकूड वाळता वाळत नसेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओली साडी दोरीवर टाकून वळेपर्यंत पदर सुकतो. पुढची दोन वर्षं मी जे केलं त्याला वाळवणं म्हणण्यापेक्षा लाकडाला वाळण्यापासून अडवणं म्हटलेलं जास्त बरोबर.

बुंध्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी घरातला उरलेला ऑइलपेंट फासला, दोन हात जाड. वर ओली बारदानं टाकली आणि बुंधा सावलीत सरकवून ठेवला. जूनच्या मध्यात पहिला चांगला पाऊस झाला, हवा नरम आली, तेव्हाच तो गिरणीवर नेला. सव्वा इंची फळ्या, चौकटींसाठी सव्वाचार बाय सव्वातीन, आणि बंगईसाठी अडीच इंची एक अख्खी फळी, १६ इंच रुंद. पाव इंच जास्तीचं धरायचं ते आकसण्यात आणि रंध्याखाली जातं. गिरणीवाल्याचं नाव घेत नाही, पण त्याच्या आऱ्याला काय झालं होतं कोण जाणे, सव्वा इंची म्हणून दिलेल्या फळ्या एका टोकाला इंच आणि दुसऱ्या टोकाला दीड निघाल्या. विचारलं तर म्हणाला, रंध्यात निघून जाईल. रंध्यात निघेल हो, पण रंधा मारायला अजून दीड वर्ष आहे आणि तोवर या वाकड्यातिकड्या मालाची थप्पी रचायची मला.

थप्पी रचणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर काम आहे, आणि मी ते तीनदा केलं.

जागा होती आमचं कापसाचं शेड. तीन बाजूंनी उघडं, वर पत्रा, जूनमध्ये रिकामं. खाली जमिनीवर सिमेंटचे जुने कुंपणाचे खांब आडवे टाकले, दीड दीड फुटावर, सहा. वाळवी वर चढायला लागली तर खांबावर तिचा मातीचा माग दिसतो, म्हणून लाकडी ओंडक्यांपेक्षा हे बरे. खांबांखाली विटा. मग पाण्याची नळी घेऊन सगळे खांब एका पातळीत आणले. यात पूर्ण दुपार गेली आणि ह्यांनी दोनदा विचारलं, "तू काय महाल बांधतेय का?" पण खालचा थर जसा असेल तशीच वरची प्रत्येक फळी वाळते. ओलं लाकूड ज्या आकारात ठेवाल तो आकार ते धरतं. खांब दोन सूत (म्हणजे पाव इंच) खाली असेल तर सगळ्या थप्पीला तिथं पोट येतं.

प्रत्येक थरात फळीफळीत अंगठाभर फट, आणि दोन थरांच्या मध्ये आडव्या पट्ट्या, बरोबर खालच्या खांबांच्या वर. पट्टीवर पट्टी, ओळंब्यात. एक पट्टी चार बोटं इकडेतिकडे झाली तर वरचं वजन फळीच्या अधांतरी भागावर येतं आणि ती तिथं दबते. एकदम टोकाशीही एक पट्टी, म्हणजे टोकाची थोडी झाकण होते. जाड माल खाली, फळ्या वर. सगळ्यात वर रेतीनं भरलेल्या सिमेंटच्या गोण्या, चौदा. वरच्या फळ्यांना पीळ मारायला वावच ठेवायचा नाही.

पहिल्या वेळी चूक केली ती पट्ट्यांची. त्याच निंबाच्या वाया गेलेल्या तुकड्यांतून ओल्याच पट्ट्या पाडल्या. जुलैत थप्पीच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं तर प्रत्येक पट्टीच्या शेजारी काळसर बुरशी. पट्टी ओली, फळी ओली, दोघींच्या मध्ये हवा नाही. सगळी थप्पी उतरवून पुन्हा रचली. या वेळी जुन्या धाब्याच्या घराची सागाची मोडकी कडी होती, तिच्यातून इंच बाय इंचाच्या पट्ट्या पाडल्या. सत्तर-ऐंशी वर्षं छतात बसलेलं लाकूड, त्याच्याहून कोरडं काय मिळणार. काळे पट्टे मात्र काही फळ्यांवर आजही आहेत. माळ्यावर त्या बाजू वर केल्या, खालून दिसत नाहीत.

आता वजनाचं. इथं मला माझ्या नोकरीचा उपयोग झाला. एका फळीच्या टोकापासून फूटभर आत एक इंचाची चकती कापली, लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉलेजात नेली. तराजूवर १८६.४ ग्रॅम. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, रोज वजन करत, सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. शेवटी ११७.२ ग्रॅमवर थांबली. गेलेलं पाणी ६९.२, भागिले कोरडं वजन ११७.२, म्हणजे ५९ टक्के. लाकडाचा ओलावा कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजतात, त्यामुळे अगदी ओल्या लाकडात तो शंभरच्याही वर जाऊ शकतो. ह्यांना हे पटायला वेळ लागला. कापसाचा ओलावा म्हटलं की त्यांना ८ ते १२ टक्के एवढंच माहीत. खरेदी केंद्रावर त्याच्यापुढे गेला की गाडी परत. "५९ टक्के? मग ते लाकूड आहे का कलिंगड?"

त्याच फळीचा तीन फुटी तुकडा मी मापाची फळी म्हणून थप्पीत असा ठेवला की सहज ओढून काढता येईल. दोन्ही टोकांना रंग. ओली होती तेव्हा ६.३६ किलो. ५९ टक्के ओलाव्याचं ६.३६ म्हणजे कोरडं वजन बरोबर ४ किलो. आता फक्त वजन करायचं, त्यातून ४ वजा करायचे आणि उरेल त्याला ४ नं भागायचं, झाला हिशेब. किराणा दुकानातला काटा महिन्यातून दोनदा उसना आणत होते. दुकानदार बिचारा काही विचारत नसे, पण त्याच्या मुलानं एकदा विचारलंच की तुम्ही फळीला काय खाऊ घालता. वहीतली वजनं अशी: ऑगस्टअखेर ५.०४ किलो, २६ टक्के. डिसेंबरात ४.५२, म्हणजे १३. पुढच्या मे महिन्यात ४.२६, साडेसहा टक्के. आणि त्यानंतरच्या सप्टेंबरात? ४.५४. वाढलं! साडेतेरा टक्के. वाळलेली फळी शेडात बसल्याबसल्या पाव किलोहून जास्त पाणी हवेतून प्याली होती, थेंबभर पाऊस अंगावर न घेता.

ही नोंद केली त्या दिवशी मला या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात जास्त समाधान मिळालं. लाकूड कधी "वाळून संपत" नाही, ते हवेच्या मागे जात राहतं. भारतीय मानक ब्यूरोची आयएस २८७ नावाची शिफारस आहे, कुठल्या कामाला किती ओलाव्याचं लाकूड वापरावं याची. तिच्यात हवेच्या दमटपणावरून देशाचे चार विभाग पाडलेत. चांगली आहे, वाचावी. पण असे विभाग वर्षाच्या सरासरीवर पडतात, आणि खान्देशात सरासरी नावाचा महिनाच नसतो. इथं मे आहे आणि ऑगस्ट आहे.

माप घेत होते तेही सांगते. ८ इंची फळी डिसेंबरापर्यंत दोन सूत आकसली आणि मे महिन्यात आणखी अर्धा सूत. लांबीला टेप लावला तर केसभरही फरक नाही. पुस्तकात वाचणं वेगळं आणि पेन्सिलची स्वतः मारलेली खूण फळीच्या बाहेर गेलेली बघणं वेगळं.

मधल्या काळात बाभळीचं प्रकरण झालं. पडवीला चार खांब हवे होते, बांधावर बाभळी होत्या. निंबाच्या पुढं बाभूळ म्हणजे लोखंड. गाडीची चाकं, वखर, पाभर सगळं तिचंच असायचं. चुलत सासरे, आप्पा, ऐंशीच्या पुढचे, एका वाक्यात म्हणाले, "बाभूय पानीमा टाक, चार महिना तिले देखू नको." ह्यांचं शेततळं आहे, पण प्लॅस्टिकचा कागद फाटेल म्हणून तिथं मनाई. मग पडीक जुन्या विहिरीत टाकल्या. तीन ओंडके दोरानं सोडले आणि चौथा लांबीला बसेना, तो तसाच बांधावर राहिला. मे महिन्यात बाहेर काढले तेव्हा असा वास की दोन दिवस त्या बाजूला कुणी फिरकलं नाही. आणि त्याच पावसाळ्यात बांधावरच्या चौथ्या ओंडक्याच्या खाली मैद्यासारखी बारीक पिवळट पूड दिसायला लागली. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. भुंग्यानं घर केलं होतं. त्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं, अळी त्याच्यावर वाढते. पाण्यात मुरवल्यानं ते कुजून, विरघळून निघून जातं आणि अळीला तिथं खायला काही उरत नाही. एका ओंडक्यावरून मी सिद्धांत मांडणार नाही, कॉलेजात पोरांना तेच तर शिकवते. पण विहिरीतून काढलेल्या तिघांवर आजपर्यंत एक भोक नाही. आप्पांना सांगितलं तर त्यांनी तंबाखू मळता मळता फक्त मान हलवली.

निंबाच्या पांढऱ्या लाकडाला मी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारलं, दीडास एक भाग. ब्रशनं, ओल्या लाकडावर, थप्पी रचायच्या आधी. पावसात धुऊन जातं म्हणून उघड्यावरच्या कामाला उपयोग नाही, आतल्या माळ्याला चालतं.

नोव्हेंबरात कापूस घरात यायला लागला आणि शेडावरून भांडण झालं. माझं म्हणणं, लाकूड हलवलं की बिघडतं. ह्यांचं म्हणणं, कापूस भिजला तर वर्ष बिघडतं. अर्थातच कापूस जिंकला. ट्रॅक्टरवाल्या पोरांनी माझ्या मागे, मी कॉलेजात असताना, सगळी थप्पी उचलून गोठ्याच्या पाठीमागे नेली आणि छान रचली असं फोनवर सांगितलं. छानच होती. कडेनं बघितलं तर भिंतीसारखी सरळ. पट्ट्या मात्र जिथं हात पोचला तिथं घातलेल्या, कुठे तीन, कुठे सात, खालच्या-वरच्याचा मेळ नाही. मला ते आठवडाभरानं कळलं, कारण परीक्षेच्या ड्यूटीत होते. तेवढ्यात चार फळ्यांना लाट आली. तिसऱ्यांदा रचली. तेव्हा एका थरात विंचू निघाला आणि दुसऱ्या थरात कोंबडीची पाच अंडी. लाट आलेल्या चार फळ्या मी मुद्दाम सगळ्यात खाली घातल्या, वर बाकी सगळ्यांचं वजन. दोन सरळ झाल्या. दोन नाही झाल्या. मिस्तरी त्या दोघींकडे बघून म्हणाले, "ताई, लाकूड कोनं आयकस?"

मार्च लागला की मला भीती वाटायची. फळ्या आतून १२-१३ टक्क्यांवर आल्या होत्या, त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं, पण चौकटींचा जाड माल आणि बंगईची फळी आतून अजून ओलसर. वरून गरम कोरडा वारा लागला की त्यांना चीर जाणार. गोठ्याची ती बाजू पश्चिमेला उघडी. मग कापसाची रिकामी बारदानं उसवून, शिवून एक पडदा केला आणि त्या बाजूला टांगला, फळ्यांना न चिकटता हातभर अंतरावर. जाड मालाच्या टोकांना पुन्हा रंग. दुपारी बाहेरच्या बाजूनं बारदानावर पाणी मारायचं, संध्याकाळी नाही. शेजारचे एकजण रोज विचारायचे, "वहिनी, कूलर लावला का लाकडाला?" त्यांच्या घरी तेव्हा बाजारातल्या सागाच्या नव्या दारांचं काम चाललं होतं. त्या दारांचं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, रोज तोंड बघायचंय.

डिसेंबर २०२३ मध्ये मिस्तरींनी काम धरलं. आधी चौकटी, कारण त्या भिंतीबरोबर उभ्या राहतात. मग दार, दोन खिडक्या आणि माळा. मी मुद्दाम हिवाळा धरला होता. मापाची फळी १२ टक्क्यांच्या आसपास, मे आणि ऑगस्टच्या मधली. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात उघडत नाही आणि पावसाळ्यात बसवलेल्याला उन्हाळ्यात उजेड दिसतो. दाराच्या दिलह्याच्या, म्हणजे चौकटीच्या आतल्या भरावाच्या, फळ्या खाचेत सुट्या बसवल्या, फेविकॉल नाही, खिळा नाही, म्हणजे त्यांना आकसायला-फुगायला जागा. मिस्तरींना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझी वही मात्र मागून घेतली आणि बराच वेळ वजनं वाचत बसले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. कागदाची घडी अडकेल इतपतच. ह्यांनी रंधा काढला होता. मी तो काढून घेऊन माळ्यावर ठेवला आणि म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन वावरात गेलो, तर दार बोटानं ढकलल्यावर उघडलं.

बंगईची अडीच इंची फळी अजून थप्पीत आहे. आता थप्पी म्हणजे ती एकटीच, दोन पट्ट्यांवर, वर तीन गोण्या. तिचं वजन दोघांनी उचलून करावं लागतं, म्हणून महिन्यातून एकदाच, कापूस मोजायच्या काट्यावर. पावसाळ्यात पाऊण किलो वाढलं होतं, ते आता उतरायला लागलंय. जानेवारीत सलग दोन महिन्यांची वजनं सारखी आली की मिस्तरींना सांगायचं असं मी ठरवलंय. जिजींनी कड्या आणि साखळ्या चाळीसगावच्या बाजारातून आणून ठेवल्या आहेत आणि काल काट्याजवळ येऊन विचारत होत्या, "काय म्हने वं, कितला किलो?"